भरल्या हंड्याचं भान

बीपी तपासायला बसलं की आम्ही दोन प्रश्न हमखास विचारतो. झोप लागते का? आणि चालणं होतं का? पहिल्या प्रश्नाला बाया मान हलवतात. अंग थकतं, पण डोकं थांबत नाही, असं सांगतात. दुसऱ्या प्रश्नाला हसतात. दिवसभर दुसरं काय करतो आम्ही, असं उलट आम्हालाच विचारतात.

खरंच आहे ते. विहिरीच्या खेपा, लाकडाची मोळी, शेतावर नाहीतर वीटभट्टीवर जाणं, एसटी चुकली तर फाट्यापर्यंतची पायपीट. दवाखान्यात रोज तीस मिनिटं चाला म्हणून सांगतात, आणि आपली ताई तेवढं सकाळी सातच्या आत चालून झालेली असते. मग एवढं चालूनही बीपी का चढतो? रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे का असतात?

बीपीला कारणं पुष्कळ असतात. मीठ, तंबाखू, मिश्री, वाढलेलं वजन, घराण्यातून आलेला आजार, अपुरी झोप. त्यांत एक कारण ताणाचं असतं, आणि त्याच्याकडे आपण सगळ्यात कमी बघतो. पाय विहिरीच्या वाटेवर असतात आणि मन बचतगटाच्या हप्त्यावर. हात भाकरी थापत असतात आणि मन पोराच्या फीवर. शरीर एक खेप करतं, तेवढ्यात मन दहा खेपा करून येतं, आणि सगळ्या रिकाम्या हंड्याच्या.

या महिन्याचं आरोग्याचं पान या पळत्या मनाविषयी आहे. यासाठी औषध विकत आणायचं नाही, वेगळा वेळ काढायचा नाही. रोजच्याच वाटेनं, रोजचंच चालणं, फक्त भानावर राहून चालायचं. तथागतांनी त्याला सति म्हटलं. आपण साध्या बोलीत सजगता म्हणू.

तेलाचं भांडं

बावीस प्रतिज्ञांमध्ये अष्टांग मार्गाचा अवलंब करण्याची प्रतिज्ञा आपण घेतलेली आहे. त्या मार्गाचं सातवं अंग म्हणजे सम्मा सति, सम्यक स्मृती. वंदनेत आपण अष्टांग मार्गाचं नाव घेतो, पण सातव्या अंगाचं रोजच्या जगण्यात काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही.

संयुक्त निकायात त्यासाठी एक उपमा आहे. एका ठिकाणी तोबा गर्दी जमली आहे. देशातली सगळ्यात देखणी नर्तकी नाचते आहे, गाते आहे. अशा वेळी एका माणसाच्या हातात तेलानं काठोकाठ भरलेलं भांडं देतात आणि सांगतात, गर्दी आणि नर्तकी यांच्यामधून हे घेऊन चाल. मागून एक जण तलवार उपसून येईल. एक थेंब सांडला तर डोकं उडेल. तथागत भिक्खूंना विचारतात, हा माणूस भांड्यावरचं लक्ष काढून नाच बघेल का? भिक्खू नाही म्हणतात. तेव्हा तथागत सांगतात, तेलानं भरलेलं भांडं म्हणजे आपल्या शरीराविषयीची सजगता.

ही उपमा मोठमोठ्या शिबिरांत समजावून सांगावी लागते. शहापूर-मुरबाडच्या बाईला समजावून सांगायची गरज नाही. डोक्यावर दोन हंडे, कमरेला कळशी, पायाखाली दगडगोटे. चुंबळ नीट बसली का, मान ताठ आहे का, पाऊल कुठे टाकायचं, हे सगळं तिला ठाऊक असतं. पाणी हिंदकळलं की तिचं अंग आपोआप सावरतं. म्हणजे सजगता आपल्याला येते. ती आपण फक्त भरल्या हंड्यापुरती वापरतो. हंडा उतरला की मन पुन्हा सुटलं. रिकाम्या डोक्यानं चालतानाही तेच भान ठेवायचं, एवढीच या लेखाची शिकवण आहे.

बाहेरच का?

बाया म्हणतात, ध्यान करायचं तर शांत जागा हवी. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, टीव्ही, मोबाइल, शेजारचं भांडण. बसायचं कुठे?

इगतपुरीला धम्मगिरी आहे. १९७६ पासून तिथे विपश्यनेची शिबिरं होतात. दहा दिवसांचं शिबिर, राहण्या-जेवणाची फी नाही. कसाऱ्याचा घाट चढला की आलंच. जमलं तर जरूर जावं. पण दहा दिवसांची मजुरी बुडवून, म्हातारी सासू आणि लेकरं कुणावर तरी सोपवून जाणं सगळ्यांना जमत नाही. आणि दहा दिवसांनी परत यायचं ते त्याच खोलीत.

म्हणून आम्ही म्हणतो, दाराबाहेर पडा. तथागतांच्या आयुष्यातल्या मोठ्या घटना बहुतेक उघड्यावरच घडल्या. जन्म लुंबिनीच्या वनात, संबोधी पिंपळाखाली, पहिला उपदेश सारनाथच्या मृगवनात, महापरिनिर्वाण कुशीनाराच्या सालवृक्षांखाली. त्याआधी लहानपणीची गोष्ट आहे. शाक्यांच्या नांगरणीच्या वेळी बाल सिद्धार्थ जांभळाच्या झाडाखाली बसला आणि त्याचं मन पहिल्यांदा स्थिर झालं. समोर शेत होतं, नांगर होते, राबणारी माणसं होती. राजवाड्यातल्या बंद दालनात हे घडलेलं नाही.

आणि बाहेर पडायला या दिवसांइतके दुसरे चांगले दिवस नाहीत. वैशाखरे गाव घ्या. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव. नाव घेतलं की वैशाख आठवतो, आणि वैशाख म्हटला की आपल्याला पौर्णिमा आठवते. या पट्ट्यात फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर पेटल्यासारखी फुलतात. चैत्रात कुसुमाची पालवी इतकी लाल असते की लांबून फुलंच वाटावीत. जांभळाला बारीक पांढुरका फुलोरा येतो, करवंदीच्या जाळीत पांढरी फुलं येतात, वैशाखात तिथेच काळी करवंदं होतात. पहाटे मोहाखाली फुलांचा सडा असतो आणि तो वास रस्त्यापर्यंत येतो. दुपारी तांबट पक्षी ठोका मारल्यासारखा टुक टुक करत राहतो.

आणि आपला पिंपळ. जुनी पानं झडून जातात आणि थोड्याच दिवसांत तांबूस, चकचकीत, लुसलुशीत पानं फुटतात. अनित्य म्हणजे काय, हे पोराला पुस्तकातून सांगण्यापेक्षा या दिवसांत पिंपळाखाली उभं करून दाखवा. गेलेलंही दिसतं, येणारंही दिसतं.

पळणाऱ्या मनाला टेकायला काहीतरी लागतं. बंद खोलीत टेकू मिळत नाही, म्हणून मन चिंतेलाच टेकतं. बाहेर वारा आहे, वास आहे, आवाज आहे, पायाखालची माती आहे. सुरुवात करणाऱ्याला हे सोपं जातं.

नाणेघाटाची वाट

वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट वर जाते. शनिवार-रविवारी शहरातली पोरं पाठीवर पिशव्या बांधून ती चढतात. सोपारा आणि कल्याण ही जुनी बंदरं आणि वरचं जुन्नर यांना जोडणारी ही सातवाहन काळातली व्यापारी वाट. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो आणि त्यात यज्ञांचा आणि दक्षिणेचा हिशोब आहे. तो बौद्ध लेख नाही. आपल्या लोकांत कधी कधी तसा समज असतो, म्हणून स्पष्ट सांगितलेलं बरं.

पण घाट चढून जुन्नरला गेलं की चित्र बदलतं. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतली बहुतेक बौद्ध आहेत. ती नुसती राजांनी कोरून घेतलेली नाहीत. तिथल्या शिलालेखांत बांबूचं काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं टाकं. वाटसरूला आणि भिक्खूला पाणी मिळावं, ही त्या काळची धम्माची समज होती.

भिक्खूंचं आयुष्य पायीच असायचं. पावसाळ्यातला वर्षावास सोडला तर बाकीचे महिने ते चालत राहायचे. आणि चालणं हीच साधना असायची. तिला चंक्रमण म्हणतात. बुद्धगयेला महाविहाराच्या उत्तरेला तथागतांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत: लांबच्या वाटेची सवय होते, कष्ट सोसण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं, आणि चालताना मिळालेली मनाची एकाग्रता जास्त काळ टिकते. पाचांतले चार फायदे तर आज कुठलीही नर्स सांगेल.

वाट आणि पाणी आपल्यासाठी साधं नव्हतं

बाहेर फिरा, झाडं बघा, मन शांत करा, असं आजकाल मोबाइलवर कुणीही सांगतं. त्याला माइंडफुलनेस म्हणतात. अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात दीर्घ दुखण्याच्या रुग्णांसाठी असा कार्यक्रम सुरू केला. त्याचं मूळ बौद्ध साधनेत आहे. आता त्याचे महागडे वर्ग भरतात. आपल्या घरातली वस्तू आपल्यालाच विकली जाते, हा एक भाग झाला. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

आपल्या पूर्वजांना बाहेरची काय वाण होती? ते गावकुसाबाहेरच राहत होते. पण वाटेनं चालताना सावली कुणावर पडू नये, कुणाच्या नजरेला नजर भिडू नये, पाणवठ्याला हात लागू नये, ही धास्ती सतत असायची. त्यालाही सावधपणा म्हणता येईल. पण तो भीतीतून आलेला सावधपणा होता. अशा धास्तीत शरीर कायम ताठरलेलं राहतं, आणि घरात एका पिढीची धास्ती पुढची पिढी बघून शिकते. आजही अनेक आजी रस्त्याच्या कडेकडेनं, मान खाली घालून चालतात. कुणी सांगितलेलं नसतं.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. दिवस वसंताचेच होते. त्या ओंजळीनंतर मारहाण झाली, तळं शुद्ध करण्याचा प्रकार झाला, खटला झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला मार्च १९३७ उजाडलं. पाण्याचा एक घोट पूर्ण भानावर राहून पिणं म्हणजे काय, हे आपल्याला महाडनं शिकवलं आहे. तेव्हा आपली सजगता मान ताठ ठेवणारी हवी. डोळे मिटून जगापासून पळणारी नको.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हाच प्रश्न विचारला आहे: भिक्खू घडवण्यामागे तथागतांचा हेतू स्वतःपुरता परिपूर्ण माणूस घडवण्याचा होता, की समाजाची सेवा करणारा माणूस घडवण्याचा? बाबासाहेबांचा कल कुठे होता, हे आपण जाणतो. म्हणून जी सजगता सगळं सोसायला शिकवते, ती आपल्या कामाची नाही. जी आधी मन स्थिर करते आणि मग जे आहे ते नीट बघायला लावते, ती आपली.

शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मोडकसागर आहे. तिथलं पाणी मुंबईच्या नळाला जातं, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. भरला हंडा घेऊन भानावर चालणाऱ्या बाईच्या लक्षात हेही आलंच पाहिजे. म्हणून खालच्या सरावांत एक सराव वहीचा आहे.

रोज करायचे सहा सराव

एकदम सगळे धरू नका. एक घ्या, आठवडाभर करा, मग दुसरा.

१. पहिली शंभर पावलं. घरातून बाहेर पडल्यावर फक्त पहिली शंभर पावलं लक्ष देऊन टाका. टाच टेकली, तळवा टेकला, बोटं उचलली. मनातल्या मनात डावा, उजवा म्हटलं तरी चालेल. मन हप्त्याकडे गेलं, तर गेलं हे ओळखा आणि पुन्हा पावलावर आणा. मन जाणारच. ते गेल्याचं कळणं हाच सराव आहे. शंभर पावलांनंतर खुशाल विचार करा.

२. पाण्याचा पहिला घोट. दिवसातून एकदा तरी पाणी बसून प्या. भांड्याचा गारवा हाताला, पाण्याचा गारवा घशाला. पहिला घोट पोटात पोचेपर्यंत दुसरं काही नाही. हा घोट महाडच्या आठवणीनं घेतला तर लेकरांनाही सांगायला गोष्ट होते.

३. कानांची पाळी. विहिरीवर नंबर लावून बसला असाल, एसटीची वाट बघत असाल, तेव्हा मोबाइल पिशवीत ठेवा. डोळे उघडे ठेवूनच तीन आवाज ओळखा. एक जवळचा, एक लांबचा, एक स्वतःच्या श्वासाचा. तांबट, कोकीळ, हातपंपाची दांडी, कोणताही चालेल. आवाज चांगला की वाईट ते ठरवू नका.

४. झाडाखाली दहा श्वास. सावलीत बसा किंवा खोडाला टेकून उभ्या राहा. श्वास आत येतो तो जाणवू द्या, बाहेर जातो तो जाणवू द्या. बाहेर सोडताना थोडा सावकाश सोडा. दहा झाले की उठा. हीच आनापानसतिची पहिली पायरी. श्वास कोंडून धरायचा नाही, जोरजोरात घ्यायचा नाही.

५. घराचं एक झाड. प्रत्येक घरानं एक झाड निवडावं. वस्तीत एकच झाड असेल तर सगळ्यांनी तेच घ्यावं. पोरांनी रोज दोन मिनिटं बघून नवं काय दिसलं ते सांगायचं: पान, मुंगी, घरटं, कळी. जिथे झाडच नाही तिथे या पावसाळ्यात कुठे लावायचं, ते आताच ठरवा.

६. पाण्याची वही. महिनाभर लिहा. दिवसाला किती खेपा, एका खेपेला किती वेळ, टँकर कधी आला, किती हंडे मिळाले. लिहिता येत नसेल तर रेघा मारा, शाळेतली पोरं बेरीज करतील. ही वही कशासाठी, ते शेवटी सांगतो.

वीणेची गोष्ट लक्षात ठेवा. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून बसला. तथागतांनी त्याला विचारलं, वीणेची तार फार ताणली तर नीट वाजते का? फार सैल सोडली तर? सरावाचंही तसंच आहे. एक दिवस राहिला म्हणून स्वतःला बोल लावू नका, आणि पहिल्या दिवशी तासभर बसायलाही जाऊ नका.

शरीरात काय होतं, काय होत नाही

चिंता लागली की शरीर संकट आल्यासारखं वागतं. ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात. हे रोज, महिनोन्‌महिने चाललं की झोप, पचन, साखर, बीपी सगळ्यांवर ताण येतो. सावकाश श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते आणि शरीराला संकट टळल्याचा निरोप मिळतो. सकाळचं ऊन डोळ्यांवर आलं की झोपेचं घड्याळ जागेवर यायला मदत होते. नियमित चालण्यानं बीपी आणि साखर आटोक्यात ठेवायला हातभार लागतो.

आता काय होत नाही ते. सजगतेनं बीपीची गोळी सुटत नाही, इन्सुलिन सुटत नाही, टीबीचा कोर्स सुटत नाही, फिट्सचं औषध सुटत नाही. कुणी कितीही सांगितलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. वेगवेगळ्या दिवशी तपासून बीपी १४० वर ९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे तपासणी आणि औषध मिळतं.

आणखी एक गोष्ट. ज्या बाईनं मारहाण सोसली आहे, ज्या घरात आत्महत्या झाली आहे, तिथे डोळे मिटून शांत बसल्यावर नको ते समोर येऊ शकतं. अशा वेळी डोळे उघडा. हात झाडाच्या खोडावर ठेवा, पाय जमिनीवर दाबा, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्या. एकटं बसू नका. सतत रडू येणं, जेवण तुटणं, मरणाचे विचार येणं हा आजार आहे, मनाचा दुबळेपणा नव्हे. टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव सांगायची सक्ती नाही. घरात मारहाण होत असेल तर १८१. मारहाण होताना श्वास मोजत बसायचा नाही. तिथून बाहेर पडायचं.

आणि दारूविषयी. मोहाचं फूल वाईट नाही. ठाकूर, कातकरी भावंडांचं ते खाणं आहे, कमाई आहे. पण मोहाची असो की दुकानातली, दारू सगळ्यात आधी भान नेते. म्हणून पाचवं शील आहे. त्यात ज्या प्रमादाची गोष्ट येते, तो प्रमाद म्हणजे बेभान होणं. तथागतांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच होता. घरातला पुरुष संध्याकाळी गुत्त्याकडे वळायच्या वेळी त्याला पोरांसोबत झाडाकडे चला म्हणायचं, हा उपाय लहान आहे. पण काही घरांत संध्याकाळचा तो एक तासच काय तो जड असतो. व्यसन मुरलेलं असेल तर नुसत्या चालण्यानं सुटणार नाही, सरकारी रुग्णालयात उपचार घ्यावे लागतील.

उन्हाची काळजी

चैत्र सरला की ऊन माफ करत नाही. सराव सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. दुपारी बारा ते तीन उन्हात राहणं टाळता येत असेल तर टाळा. मजुरीवर असाल तर मुकादमाकडे सावली, पाणी आणि मध्ये थांबायची वेळ मागा. ते उपकार नाहीत.

डोक्यावर सुती कापड, पायात चप्पल. तहान लागायची वाट न बघता पाणी. घाम फार गेला, जुलाब झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं प्या. बीपी किंवा किडनीचा आजार असणाऱ्यांनी हे पाणी रोजची सवय म्हणून पिऊ नये. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात एकदा डॉक्टरांना दाखवा.

उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, भोवळ येऊन पडला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पहाटे अंधारात निघत असाल तर बॅटरी न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप आपल्याकडे आहेत. दंश झाला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. माणसाला हलू न देता तडक सरकारी दवाखान्यात. घाटात कड्यांना आग्या मोहोळ असतं, तिथे धूर आणि दगड दोन्ही नकोत. साखरेचा आजार असलेल्यांनी अनवाणी चालू नये, आणि रोज रात्री दोन्ही तळपाय उजेडात बघावेत. स्वतःचा पाय लक्ष देऊन बघणं हाही सजगतेचाच सराव आहे. त्यानं पाय वाचतो.

पौर्णिमेपर्यंत

२० मार्च, ११ एप्रिल, १४ एप्रिल आणि वैशाख पौर्णिमा. आपला वसंत या दिवसांनी भरलेला आहे. भाषणं होतील, मिरवणुका होतील, खीर होईल. या वर्षी त्यात दोन गोष्टींची भर घाला.

पहिली, पाण्याची वही. १ मेला ग्रामसभा असते. एप्रिलभर लिहिलेल्या सगळ्या घरांच्या वह्यांची बेरीज करा, आणि खेपा, तास, टँकर यांचे आकडे लेखी अर्जासोबत ग्रामसभेत द्या. अर्जाची पोच घ्या. शहरातल्या वस्तीत असाल तर नगरपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात द्या. पाणी येत नाही, या तोंडी तक्रारीला उत्तर ठरलेलं असतं. महिनाभराच्या आकड्यांना उत्तर देताना समोरच्याला कागद उघडावा लागतो. सजगतेनं बघितलेलं लिहून ठेवलं की तो पुरावा होतो.

दुसरी, पौर्णिमेच्या दिवशी सूर्य उगवताना विहारापासून जवळच्या पिंपळापर्यंत, नाहीतर घराघरानं निवडलेल्या झाडांपर्यंत, सगळ्यांनी मिळून चालायचं. लाउडस्पीकर नाही, घोषणा नाही, मोबाइल नाही. पुढे आज्या, मध्ये लेकरं, मागे बाप्ये. रस्त्याच्या मधून, मान ताठ ठेवून, पावलं सावकाश. पोचल्यावर झाडाखाली दहा श्वास, मग त्रिशरण-पंचशील, मग प्रत्येकाला एक भांडं पाणी. ते बसून प्यायचं. त्यानंतर तिथेच सावलीत बीपी तपासायचं टेबल मांडा. गावच्या आशाताईला आधीच सांगून ठेवा.